मोठ्या आतड्याची मेरिडियन: पोट साफ होण्यासाठी हात दाबायचा की पाय?

सोनटक्का

"पोट साफ होत नाही, ॲक्युप्रेशरचा एखादा पॉइंट सांगा" असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात दाबा, तो मोठ्या आतड्याचा पॉइंट आहे. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मेरिडियन, म्हणजे चिनी वैद्यकाने शरीरात मानलेली ऊर्जेची वाट, हातावरून जाते म्हणून आतड्याचा इलाजही हातावरच, असा हिशोब चिनी वैद्यकाने मांडलेला नाही. मी सिंगापूरला राहते, इथे ट्वीना म्हणजे चिनी मालिश आणि ॲक्युप्रेशर शिकले आहे. डॉक्टर नाही. शिकताना मला सगळ्यात जास्त उमगलेली गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तिचा रस्ता पाहू. ही हाताची मेरिडियन, चिनी वर्गीकरणातल्या यांगमिंग नावाच्या गटातली. दोन्ही हातांवर एकेक, प्रत्येकीवर २० बिंदू. पहिला बिंदू शांगयांग, तर्जनीच्या नखाच्या अंगठ्याकडच्या कोपऱ्याशी. तिथून ती तर्जनीच्या कडेने वर येते, बेचक्यातल्या मांसल भागातून (चौथा बिंदू, हेगू) मनगटाशी पोचते. अंगठा ताणून वर केला की मनगटाजवळ दोन कंडरांमध्ये खड्डा पडतो, तो पाचवा, यांगशी. मग हाताच्या अंगठ्याकडच्या बाजूने कोपरापर्यंत. कोपर काटकोनात वाकवलं की घडी बाहेरच्या बाजूला जिथे संपते तिथे अकरावा, छ्यूछी. पुढे दंडाच्या बाहेरून खांद्यावर. हात बाजूला आडवा उचलला की खांद्याच्या टोकाशी दोन खळगे पडतात, त्यातला पुढचा म्हणजे पंधरावा, ज्येनयू.

खांद्यावरून ती मागे मानेच्या सातव्या मणक्याखाली जाते, परत पुढे येऊन गळपट्टीच्या हाडामागच्या खळग्यात उतरते. इथे दोन फाटे फुटतात. एक आत जातो, फुप्फुसाला वेढतो आणि खाली मोठ्या आतड्याला मिळतो. दुसरा मानेवरून गालावर, खालच्या हिरडीत, मग वरच्या ओठाला वळसा घालून नाकाखाली येतो. तिथे डावी-उजवी एकमेकींना ओलांडतात, म्हणून उजव्या हाताची मेरिडियन डाव्या नाकपुडीशी संपते आणि डाव्याची उजवीशी. हा शेवटचा, विसावा बिंदू यिंगश्यांग.

लक्षात घ्या, आतड्याशी तिचं नातं त्या आतल्या फाट्याने आहे, आणि त्या फाट्यावर दाबण्याजोगा एकही बिंदू नाही. २०च्या २० बिंदू हात, खांदा, मान आणि चेहऱ्यावर.

आता इतिहासाकडे वळते, कारण सगळा उलगडा तिथे होतो. १९७३ साली हूनान प्रांतातल्या छांगशा शहराजवळ, मावांगत्वेइच्या थडग्यातून रेशमावर लिहिलेले ग्रंथ निघाले. ते थडगं इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेलं. त्यात नाड्यांची वर्णनं आहेत, पण त्या १२ नाहीत, ११ आहेत. आणि त्यातल्या एका मजकुरात आपल्या या मेरिडियनचं नाव आहे 'दाताची नाडी'. तिच्या सोबतच्या दोघी 'खांद्याची' आणि 'कानाची'. आतड्याचा पत्ताच नाही! हातापासून निघून, दंडावरून, गालातून दातात आणि नाकापाशी जाणारी एक वाट, एवढंच. एकेका नाडीला एकेक अवयव जोडून १२ची नीट मांडणी झाली ती नंतर.

तशी मांडणी झाल्यावरही जुनी ओळख पुसली गेली नाही. लिंगशू या प्राचीन ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात प्रत्येक मेरिडियनचे विकार दिले आहेत. मोठ्या आतड्याच्या मेरिडियनखाली काय आहे? दातदुखी, मानेला सूज, डोळे पिवळे, तोंड कोरडं, नाकातून पाणी किंवा रक्त, घसा धरणं, खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि दंडात दुखणं, तर्जनी दुखून न चालणं. बद्धकोष्ठ त्या यादीत नाही. जुलाबही नाहीत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा शिक्षकांना विचारलं, पान चुकलं का? ते म्हणाले, आता चौथा अध्याय वाच.

चौथ्या अध्यायात नियम आहे: पोटातल्या पोकळ अवयवांचे आजार त्यांच्या 'हे' (चिनी शब्द, अर्थ संगम) बिंदूंवर हाताळायचे, आणि मोठ्या आतड्याचा तो बिंदू आहे पायावर! जठराच्या मेरिडियनवरचा ३७वा, शांगज्यूश्यू. त्याच्या जोडीला पोटावर, बेंबीच्या दोन्ही बाजूंना थ्येनशू, जठराच्याच मेरिडियनवरचा २५वा. तो मोठ्या आतड्याचा समोरच्या बाजूचा खास बिंदू मानतात. म्हणजे दात, चेहरा, नाक, खांदा, कोपर यांच्यासाठी हाताची मेरिडियन. आतड्यासाठी पोट आणि पाय. आजच्या पुस्तकांत बद्धकोष्ठासाठी हेगूही जोडीला घेतात, ते मी नाकारत नाही. पण फक्त तोच एक दाबत बसायचं आणि मूळ दोन सोडून द्यायचे, हे पटत नाही.

कसे शोधायचे ते सांगते. माप रुग्णाच्या बोटाचं घ्यायचं, दाबणाऱ्याच्या नाही. त्याच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन, चार बोटं जुळवली की तीन त्सुन.

थ्येनशू: बेंबीपासून आडवं दोन त्सुन, दोन्हीकडे. पाठीवर झोपून गुडघे उभे ठेवायचे, श्वास सोडताना तीन बोटांनी हळू आत दाबायचं, श्वास घेताना सोडायचं. जेवल्याजेवल्या नाही, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. मग तळहाताने पोटावर उजवीकडून वर, आडवं, आणि डावीकडून खाली असं गोल फिरवायचं. मोठं आतडं त्याच दिशेने जातं.

शांगज्यूश्यू: गुडघा वाकवल्यावर वाटीखाली बाहेरच्या बाजूला जो खळगा पडतो, तिथून चार बोटं खाली आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर हा प्रसिद्ध त्सूसानली (जठराचा ३६वा). तिथून आणखी चार बोटं खाली, त्याच रेषेत शांगज्यूश्यू. अंगठ्याने मिनिटभर ते दोन मिनिटं, जड, आंबल्यासारखं वाटेल इतकंच. टोचल्यासारखं किंवा विजेसारखं वाटलं तर जागा सोडा.

गरोदरपणात हेगू दाबू नका. पायात रक्ताची गुठळी झालेली किंवा तशी शंका असेल तर पोटरी-नडगीवर काहीही दाबायचं नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातावर नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर जोर लावायचा नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर किती दाबतोय ते कळत नाही, म्हणून बेताने.

विचारा काय विचारायचं ते.

मिरजकर

उत्तम लेख. दाताची नाडी ही माहिती अगदीच नवीन. एक शंका. पहाटे ५ ते ७ ही मोठ्या आतड्याची वेळ, त्या वेळेत उठून शौचाला गेलं नाही तर दिवसभर आतडं काम करत नाही, असं आमच्या योगवर्गात सांगतात. आमच्या घरी मंडळी सातनंतर उठतात आणि मग उगाच अपराधी वाटून घेतात. यात कितपत तथ्य?

सोनटक्का

मिरजकर काका, चिनी दिवसाचे १२ भाग, प्रत्येक दोन तासांचा. पहाटे ३ ते ५ फुप्फुस, ५ ते ७ मोठं आतडं, ७ ते ९ जठर अशी साखळी आहे. पण ही वेळ सूर्याची. अख्ख्या चीनमध्ये घड्याळ एकच, बीजिंगचं; पश्चिमेला ऊरुमचीत सूर्य त्या घड्याळापेक्षा सुमारे दोन तास मागे असतो. आमच्या सिंगापुरात वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे इथे ५ ते ७ मिट्ट काळोख. मुंबईचा सूर्यही भारतीय प्रमाणवेळेच्या अर्धा-पाऊण तास मागेच. तेव्हा ७ वाजून ५ मिनिटांनी दार बंद होतं असं समजायचं कारण नाही.

शरीराचं म्हणाल तर जागं झाल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते आणि पोटात काही गेलं की आणखी वाढते, हे आधुनिक वैद्यकही सांगतं. सातला उठा, कोमट पाणी किंवा चहा घ्या, नाश्ता करा आणि त्यानंतर रोज ठरलेल्या वेळी जाऊन बसा, पायाखाली छोटा पाट घेऊन. घाई नको आणि मोबाइलही नको. अपराधी तर मुळीच वाटून घेऊ नका.

शंकासूर

लेख प्रामाणिक आहे म्हणून सविस्तर प्रतिसाद देतो. मेरिडियन नावाची कुठलीही वेगळी रचना शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली सर्वमान्य होईल अशी सापडलेली नाही. तेव्हा 'आतला फाटा आतड्याला मिळतो' ही शरीररचना नव्हे, ती एक जुनी मांडणी आहे, आणि ती तशीच वाचली पाहिजे. प्रश्न उरतो तो उपयोग होतो का, एवढाच.

याच विषयावर एक मोठी चाचणी झाली आहे. २०१६ साली ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये आलेली. चीनमधली १५ रुग्णालयं, जुन्या तीव्र बद्धकोष्ठाचे १०७५ रुग्ण, आठ आठवड्यांत विजेच्या सुया लावून २८ वेळा उपचार. आठवड्याला किमान तीन वेळा स्वतःहून पूर्ण पोट साफ होणाऱ्यांचं प्रमाण खऱ्या गटात ३१.३ टक्के, खोट्या (नुसत्या नाटकापुरत्या सुया लावलेल्या) गटात १२.१ टक्के. आणि सोनटक्का, तुमच्या मुद्द्याला धरून: सुया थ्येनशू, फूज्ये (हाही पोटावरचाच) आणि शांगज्यूश्यू या बिंदूंवर होत्या. पोट आणि पाय. हेगू नव्हता.

पण तीन गोष्टी विसरू नयेत. सुया खोल होत्या आणि त्यांतून वीज सोडलेली होती, बोटाच्या दाबाला तो निकाल लावता येत नाही. उपचार करणाऱ्याला खरं-खोटं माहीत होतं. आणि खऱ्या गटातही जवळपास ७० टक्के लोकांना ती पातळी गाठता आली नाही. बोटाने दाबण्यावर अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात १०० रुग्णांची एक चाचणी झाली, स्वतःच दाबायची, त्यात फायदा दिसला. पण ती जागा गुदद्वाराच्या पुढची, शौचाच्या वेळी दाबायची. तिथे दाबाने मळ सैल होणं यांत्रिकपणेही समजण्यासारखं आहे. तुलना साध्या माहितीपत्रकाशी होती, खोट्या दाबाशी नव्हती.

खारीबिस्कीट

वाचतेय, मस्त धागा. शंकासूर, तुमच्या तीन मुद्द्यांमुळे खरंच नीट कळलं.

एक विचारायचं होतं. वहिनीला सातवा महिना चालू आहे आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तिला फार त्रास होतोय, दोन-दोन दिवस होत नाही. हेगू नको म्हणालात, मग पायावरचा चालेल का?

सोनटक्का

नको. पोटावर तर अजिबात दाबायचं नाही. पायावरचा शांगज्यूश्यू निषिद्ध यादीत नाही, पण त्याच पायावर, आतल्या बाजूला घोट्याच्या वर सानयिनज्याओ हा बिंदू आहे, तो गरोदरपणात वर्ज्य. घरच्या घरी शोधताना जागा चुकू शकते आणि गरोदरपणात पायात गुठळ्या होण्याची शक्यताही एरवीपेक्षा जास्त असते. म्हणून मी कुणाच्याही वहिनीला हे सुचवणार नाही.

तू स्वतःच लिहिलंस की लोहाच्या गोळ्यांनंतर सुरू झालं. हे तिच्या डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते, गरोदरपणात चालणारं सौम्य औषधही ते देतात. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

खारीबिस्कीट

ओके. आजच फोन करायला सांगते. आई तिला रोज रात्री एरंडेल द्यायचं म्हणत होती, तेही थांबवते.

आर्द्रक

एरंडेल नक्कीच थांबवा. गरोदरपणात तीव्र रेचक नको.

मी आयुर्वेदाचा वैद्य. हेगूची जागा वाचून एक सांगावंसं वाटलं. सुश्रुताच्या शारीरस्थानात, सहाव्या अध्यायात १०७ मर्मं आहेत. पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये क्षिप्र नावाचं मर्म, आणि हातातही त्याच जागी. म्हणजे बरोबर हेगूचं बेचकं. फरक असा की सुश्रुताने ते 'इथे इजा होऊ देऊ नका' म्हणून सांगितलं आहे, शल्यकर्म करणाऱ्याला इशारा म्हणून. तिथे वेध झाला तर आक्षेपक (झटके) येऊन मृत्यू येतो असं तो म्हणतो. चिनी वैद्यांनी त्याच जागी सुई लावून इलाज शोधला. दोन्ही संस्कृतींचं त्या जागेकडे लक्ष गेलं याचं मला अप्रूप आहे. पण म्हणून 'मर्म म्हणजेच चिनी पॉइंट' असं जे छापून येतं ते मला मान्य नाही. दोन शास्त्रांचा पाया वेगळा आहे, आणि एकाच्या नकाशावर दुसऱ्याची नावं चिकटवली की दोन्हींचा अभ्यास राहून जातो.

बद्धकोष्ठाचं आमच्याकडचं विवेचन अपान वायूच्या अंगाने होतं. त्यावर वेगळा धागा काढेन, इथे विषयांतर नको.

सोनटक्का

आर्द्रक, क्षिप्र मर्माबद्दल मनापासून आभार. धागा नक्की काढा.

नदीकाठ

माझ्याकडे तळपायाचा रंगीत तक्ता आहे. त्यात मोठं आतडं तळव्याच्या मध्ये दाखवलंय, आडवं, मग खाली. ॲक्युप्रेशरच्या काटेरी चपला पण त्याच तक्त्याप्रमाणे आहेत म्हणे. ते आणि हे एकच का? दुकानदार म्हणाला की सगळं पाच हजार वर्षं जुनं चिनी आहे.

भुईकोट

नदीकाठ, ते वेगळं. तळपायाचा तक्ता रिफ्लेक्सॉलॉजीचा, आणि तो अमेरिकेतून आला. विल्यम फिट्झजेराल्ड नावाच्या डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीराचे उभे दहा पट्टे पाडले, आणि १९३०च्या दशकात युनिस इंगम या बाईंनी त्यावरून तळव्यावर अवयवांचा नकाशा बसवला. चिनी मेरिडियनच्या हिशोबात तळव्यावर एकच बिंदू, मूत्रपिंडाचा पहिला. मोठ्या आतड्याची मेरिडियन तळपायाला लागतसुद्धा नाही. आपल्याकडच्या बाजारात हे दोन्ही 'ॲक्युप्रेशर' या एकाच नावाने विकलं जातं. मधुमेह असेल तर त्या काटेरी चपला घालू नका. तळव्याला जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते.

आता माझ्या आवडीचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी सोलापूरचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे हे सगळ्यांना माहीत असतं. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. ते शल्यचिकित्सक होते, सुयांच्या उपचाराशी त्यांचं नाव जोडतात ते नंतरच्या घडामोडींमुळे. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात ही विद्या रीतसर आली ती तिथून. महाराष्ट्रात तर आता ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदाच आहे.

आणि सोनटक्का ताई, तुमच्या 'हात नव्हे, पाय' या म्हणण्याला एक छोटी पुरवणी. १९७१ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगला असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. शस्त्रक्रिया नेहमीच्या भूल देण्याच्या इंजेक्शनांनी झाली; सुया टोचून भूल दिली ही नंतर पसरलेली चुकीची गोष्ट. सुया आल्या दुसऱ्या रात्री, पोट फुगून अस्वस्थ वाटायला लागलं तेव्हा. कुठे लावल्या? उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला आणि दोन्ही गुडघ्यांखाली. तासाभरात पोटाचा ताण उतरला असं त्यांनी २६ जुलैच्या लेखात लिहिलं, आणि त्या लेखानंतर अमेरिकेत ॲक्युपंक्चरची चर्चा सुरू झाली. म्हणजे कोपर आणि पाय, दोन्ही होते.

सोनटक्का

भुईकोट, उत्तम पुरवणी. कोपराच्या बाहेरची जागा म्हणजे छ्यूछी किंवा त्याच्या आसपास. छ्यूछी हा मेरिडियनचा स्वतःचा, हातावरचा 'हे' बिंदू (पायावरचा शांगज्यूश्यू तो आतडं या अवयवाचा), त्यामुळे तो पोटासाठी घेतातच; त्याला माझा विरोध नाही. पण बघा, त्या डॉक्टरांनीसुद्धा गुडघ्याखालच्या जागा सोडल्या नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे.

शंकासूर

रेस्टन यांचा अनुभव एका माणसाचा आहे. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतडी आपसूक चालू होतात आणि पोट उतरतं, हेही सोबत वाचावं.

हाताच्या बिंदूची दाताशी जोडी म्हणाल तर मात्र एक चांगला जुना प्रयोग आहे. मॉन्ट्रिअलचे रोनाल्ड मेल्झॅक, वेदनेच्या 'गेट' सिद्धांताच्या दोन जनकांपैकी एक. १९८० मध्ये त्यांनी दात दुखणाऱ्या रुग्णांच्या, दुखऱ्या बाजूच्याच हाताच्या अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात बर्फ चोळला. निम्म्याहून जास्त लोकांची दुखण्याची तीव्रता अर्ध्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. मेरिडियन न मानताही याचं स्पष्टीकरण देता येतं: एका जागची जोरदार संवेदना दुसऱ्या जागच्या वेदनेचा मार्ग मेंदूत रोखते. दाढ किडलेली असेल तर दंतवैद्याकडे जायचंच आहे, पण रात्री दोन वाजता दुखायला लागली तर बर्फाचा तुकडा घरात असतो.

सोनटक्का

हे मला माहीत नव्हतं! दाताच्या नाडीवर बर्फ. शंकासूर, खूप आभार. आमच्या वर्गात सांगणार आहे.

पायवाट

फार दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. वडील ६८ वर्षांचे. आयुष्यभर पोटाची तक्रार नव्हती. गेल्या दोन-अडीच महिन्यांत बद्धकोष्ठ सुरू झालंय, मधेच पातळ होतं, वजनही उतरलंय. ते म्हणतात मूळव्याध आहे, कधीकधी रक्त दिसतं. डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. त्यांना थ्येनशू आणि शांगज्यूश्यू किती वेळ दाबू?

सोनटक्का

पायवाट, काहीही दाबू नका. पोटावर तर मुळीच नाही. उद्याच डॉक्टरकडे न्या.

आर्द्रक

सोनटक्का यांच्याशी पूर्ण सहमत. या वयात शौचाची सवय नव्याने बदलणं, रक्त आणि वजन उतरणं ही तीन लक्षणं एकत्र असतील तर 'मूळव्याध असेल' असं धरून चालता येत नाही. तपासणी करून मूळव्याधच निघाली तर आनंदच आहे. पण मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी लागू शकते, आणि ती लांबवू नये. माझ्याकडे असा रुग्ण आला तर मीही चूर्ण देण्याआधी तपासणीला पाठवतो. इथल्या कुणाच्याही सल्ल्याने, माझ्याही, वेळ घालवू नका. आणि वडिलांना विचारा, शौच काळं, डांबरासारखं होतं का. पोटात खूप दुखून उलट्या, वारा सरकणंही बंद, असं झालं तर उद्याचीही वाट न पाहता लगेच रुग्णालयात.

मिरजकर

पायवाट, वडिलांच्या पिढीला पोटाचं उघड बोलायला संकोच वाटतो, मी त्याच पिढीतला आहे. मुलाने 'तपासून घ्या' म्हटलं की आम्ही टाळतो. त्यांच्या एखाद्या मित्राला सोबत घ्या. मला माझा मित्रच हाताला धरून घेऊन गेला होता.

पायवाट

काकांचं ऐकून शेजारच्या जोशीकाकांना सांगितलं. ते बाबांशी बोलले, उद्या दुपारची वेळ घेतली आहे. सगळ्यांचे आभार.

खारीबिस्कीट

पायवाट, काळजी घ्या, आम्ही सगळे सोबत आहोत.

वहिनीची गोळी बदलून दिली डॉक्टरांनी, आणि ओल्या खजुराबरोबर भरपूर पाणी प्यायला सांगितलंय.

नदीकाठ

चपला बाजूला ठेवल्या. आता शेवटचा प्रश्न, पोटाचा नाही. मला बारा महिने नाक चोंदतं, सकाळी तर फारच. मेरिडियन नाकापाशी संपते म्हणालात, मग तिथे काही करता येईल का?

सोनटक्का

नदीकाठ, हे बरोबर तिच्या हद्दीतलं. यिंगश्यांग: नाकपुडीच्या पाळीच्या मध्यावर, नाकाकडून ओठाकडे जी घडी उतरते त्या घडीत. दोन्ही तर्जन्या तिथे टेकवा, जरा वरच्या दिशेने दाबून बारीक गोल फिरवा, मिनिटभर. हात धुतलेले हवेत. तिथे पुटकुळी असेल तर ती फोडायची नाही आणि दाबायचीही नाही, नाकाभोवतीचा जंतुसंसर्ग वर पसरू शकतो. सोबत दोन्ही हातांचा हेगू: अंगठा आणि तर्जनी जुळवली की बेचक्यात मांसाचा उंचवटा येतो, त्याच्या सगळ्यात वरच्या टोकाखाली, तर्जनीच्या हाडाच्या मध्याकडे रोख ठेवून दाबायचं. नुसती चामडी चिमटीत धरतात बरेच जण, त्याने काही होत नाही.

याने नाक थोडा वेळ मोकळं वाटतं, पण मूळ कारण जात नाही. बारा महिने आणि सकाळी जास्त, म्हणजे गादी-उशीतल्या धुळीची ॲलर्जी आहे का ते कान-नाक-घसा तज्ज्ञाला विचारा. उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवा. नाकात घालायचे चोंद फोडणारे थेंब दुकानातून आणून महिनोन्‌महिने वापरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यांची सवय लागली की थेंबांमुळेच नाक चोंदतं.

नदीकाठ

थेंब वापरतोय, दोन वर्षं तरी झाली. याचा संबंध असेल असं वाटलंच नव्हतं. या शनिवारी दाखवून येतो.